व्हिडिओ गेम समीक्षा

कन्सोल, संगणक किंवा मोबाइलवरील खेळाचे, तो स्वतः खेळून केलेले गुणदोषविवेचन म्हणजे व्हिडिओ गेम समीक्षा. चित्रपट पाहायला कौशल्य लागत नाही. गेम मात्र समीक्षकाला आधी जमावा लागतो, आणि तो कितपत जमला याची छाया त्याच्या मतावर पडतेच.

अमेरिकेतील ‘व्हिडिओ’ मासिकात १९७९ मध्ये ‘आर्केड अ‍ॅली’ हे सदर सुरू झाले, ते या प्रकारातील आरंभीच्या नियमित लेखनांपैकी एक. १९८१ मध्ये अमेरिकेत ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ आणि ब्रिटनमध्ये ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ ही स्वतंत्र मासिके निघाली. जपानमध्ये १९८६ साली निघालेल्या ‘फामित्सू’ने चार समीक्षकांनी प्रत्येकी १० पैकी गुण देण्याची पद्धत रूढ केली; ४० पैकी ४० गुण प्रथम मिळाले ते १९९८ मध्ये, ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ला. चौघांचे गुण वेगवेगळे छापले जात असल्याने त्यांच्यातील मतभेद वाचकाला दिसत. २००१ मध्ये सुरू झालेल्या मेटाक्रिटिकने अनेक समीक्षांचे गुण एकत्र करून शंभरपैकी एकच आकडा द्यायला सुरुवात केली आणि हे मतभेद त्या आकड्याआड गेले. तेथे चित्रपटाला ६१ गुणांवर हिरवा रंग मिळतो, गेमला मात्र ७५ लागतात. कागदावर गुणांची पट्टी शून्यापासून असली, तरी व्यवहारात दहापैकी सात म्हणजे काठावर पास, असे वाचक धरून चालतात. ‘फॉलआउट : न्यू वेगस’ (२०१०) हा खेळ तेथे ८४ वर थांबला आणि ८५ ची अट असलेला बोनस हुकला, असे तो घडवणाऱ्या ऑब्सिडियनच्या ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी पुढे सांगितले.

आकडा एकच असला, तरी तो मोजायचे माप खेळाच्या प्रकारागणिक बदलते. फायटिंग गेममध्ये, म्हणजे दोन पात्रांच्या मारामारीच्या खेळात, पडद्यावर सहसा सेकंदाला ६० फ्रेम (स्थिरचित्रे) उमटतात, म्हणजे एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची. बटण दाबल्यावर ठोसा तिसऱ्या फ्रेमला लागतो की पाचव्या, यावर डाव फिरतो. म्हणून येथे कथेपेक्षा कंट्रोलरचा प्रतिसाद आणि ऑनलाइन जोडणीचा दर्जा आधी तपासावा लागतो. ‘स्ट्रीट फायटर ५’ २०१६ मध्ये आर्केड मोडशिवाय, म्हणजे यंत्राविरुद्ध एकट्याने एकामागून एक लढती खेळायच्या सोयीशिवाय, बाजारात आला. स्पर्धेत उतरणाऱ्याला ते फारसे खटकले नाही, पण घरी एकट्याने खेळणाऱ्याला डबा अर्धा रिकामा वाटला, आणि दोघांचेही म्हणणे खरे होते. रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन दीर्घ कथा खेळायच्या प्रकारात, उलट, पहिल्या दहा तासांवरून शंभर तासांच्या खेळाविषयी बोलणे धाडसाचे ठरते. ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’मध्ये फलंदाजी करताना कंट्रोलरच्या डाव्या स्टिकने (दांडीने) पाय हलवायचा आणि उजव्या स्टिकने फटक्याची दिशा द्यायची असते, चेंडूचा टप्पा ओळखायला वेळ लागतो आणि पहिल्या काही डावांत त्रिफळा उडतच राहतो. हा दोष मानायचा की क्रिकेटचा खरेपणा, हे क्रिकेट कळणाऱ्यानेच ठरवावे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०) हा अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर प्रकारातला. पहाडी चित्रशैलीवर आधारलेल्या त्याच्या दृश्यांचे परदेशी समीक्षकांनी कौतुक केले. लढाईतील तोचतोचपणा आणि खेळाचा तोकडेपणा मात्र अनेकांना खटकला.

ऑनलाइन खेळांनी या समीक्षेचे एक गृहीतकच मोडले, ते म्हणजे समोरची कृती पूर्ण झालेली आहे. मार्च २०१३ मध्ये आलेला ‘सिमसिटी’ एकट्याने खेळतानाही सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ‘पॉलिगॉन’ या गेमविषयक संकेतस्थळाने तो प्रकाशनापूर्वी, गर्दी नसलेल्या सर्व्हरवर खेळून ९.५ गुण दिले. विक्री सुरू होताच सर्व्हर कोलमडले आणि तेच गुण आधी ८ वर, मग ४ वर आणावे लागले. पहिले मत खोटे नव्हते, पण ते ग्राहकाच्या वाट्याला न आलेल्या खेळाविषयी होते. एकट्याने खेळायच्या गेमलाही हे चुकलेले नाही. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ समीक्षकांना आगाऊ मिळाला तो फक्त पीसीवर. जुन्या कन्सोलवरची त्याची दुरवस्था ग्राहकांनी आधी अनुभवली, आणि सोनीने आठवडाभरातच तो आपल्या दुकानातून काढून घेतला. पुढे पॅच (दुरुस्तीचे अपडेट) येत राहिले व खेळ बराच सुधारला. अशा खेळाची समीक्षा वाचताना गुणांइतकीच तिची तारीख आणि ती कोणत्या यंत्रावर खेळून लिहिली हे पाहावे लागते. पुष्कळ वाचक नेमके तेच वगळतात.

स्टीम या संगणकावरील खेळांच्या ऑनलाइन दुकानात २०१३ पासून खेळाडूंना स्वतःच्या समीक्षा लिहिता येतात. तेथे आकडा नसतो, अंगठा वर किंवा खाली एवढेच. मात्र लिहिणाऱ्याने तो खेळ किती तास खेळला, हे शेजारी दिसते. कंपनीवरच्या रागातून एकाच दिवशी शेकडो अंगठे खाली जाण्याचे प्रकार वाढले, तेव्हा २०१७ मध्ये तेथे मतांचा काळानुसार आलेख दाखवायला सुरुवात झाली. आलेखात असा दिवस एखाद्या लाल खांबासारखा वेगळा उठून दिसतो.