पुढच्या ब्रेकची भीती

डोंगरउतारावर पहिल्यांदा सायकल घालणाऱ्याला हमखास एक सल्ला मिळतो: पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर आपटशील. सल्ला काळजीपोटीच दिलेला असतो. पण तो पाळणारा आपला सगळ्यात दमदार ब्रेकच गमावून बसतो.

वेग कमी होऊ लागला की सायकल आणि स्वार यांचा भार पुढच्या चाकावर सरकतो. टायर जमिनीला किती धरून ठेवणार, हे त्याच्यावरच्या भारावर ठरतं. त्यामुळे ब्रेक मारताना पुढच्या टायरची पकड वाढत जाते आणि मागचं चाक हलकं होतं. कोरड्या सपाट रस्त्यावर पुढच्या ब्रेकने मिळणारा रोध नुसत्या मागच्या ब्रेकच्या जवळपास दुप्पट असतो. मागचं चाक लॉक झालं की धुरळा उडतो, खरखर आवाज येतो आणि जोरात ब्रेक लागल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात सायकल घसरत पुढेच जात असते.

मग माणसं पडतात कशी? बऱ्याचदा घाईमुळे. भार पुढे यायला क्षणभर लागतो. त्याआधीच लिव्हर (हँडलवरचा ब्रेकचा दांडा) करकचून आवळली, तर भुसभुशीत मातीत पुढचं चाक जागच्या जागी अडकतं. सायकलचा तोल आपण हँडलच्या बारीक बारीक हालचालींनी सावरत असतो, आणि त्यासाठी पुढचं चाक फिरतं असावं लागतं. ते अडकलं की तोल सावरायचं साधनच जातं. मागचं चाक घसरलं तर सावरायला थोडा तरी अवधी मिळतो, पुढचं घसरलं तर जवळजवळ नाहीच.

म्हणून लिव्हरवर एकच बोट, तर्जनी, ठेवायचं. आधी पॅड (ब्रेकची घासणारी पट्टी) डिस्कला (चाकासोबत फिरणाऱ्या तबकडीला) टेकेपर्यंत हलकं ओढायचं. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दबता दुभागी दांडा, दबल्याचं तळहाताला कळतं. भार पुढे आल्याची खूण हीच. आता जोर वाढवायचा. डिस्क ब्रेकला एवढं एक बोट पुरतं, बाकीची बोटं हँडल धरायला मोकळी राहतात.

शरीर कुठे आहे, यालाही तितकंच महत्त्व आहे. सपाटीवर समजा वेग गुरुत्वत्वरणाच्या (पडणाऱ्या वस्तूचा वेग ज्या दराने वाढतो त्याच्या) 0.6 पटीपर्यंत दराने कमी केला तरी मागचं चाक उचललं जात नाही. त्याच बसण्यात 15 अंशांच्या उतारावर ही मर्यादा 0.32 पटीवर, म्हणजे जवळपास निम्म्यावर येते. कंबर मागे आणि खाली नेली की ती पुन्हा वाढते. टाचा खाली दाबल्या की पुढे ढकलणारा जोर पायांतून पेडलवर जातो, हातांवर येत नाही. कोपरं मात्र वाकलेलीच हवीत, नाहीतर प्रत्येक दगडाचा धक्का थेट खांद्यात बसतो.

टायरची पकड मर्यादित असते, आणि वळणं व थांबणं या दोन्ही कामांना ती त्यातूनच पुरवावी लागते. वळणात शिरल्यावर ब्रेक आवळणं धोक्याचं ते यामुळेच. वेग सरळ वाटेवर, घट्ट जमिनीवर आधीच कमी करावा. ओल्या मुळांवर तर ब्रेक सोडून चाकं मोकळी फिरू द्यावीत. शिवाय वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं: गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या दराने ब्रेक मारला तर ताशी 20 किलोमीटरला साधारण 3 मीटर आणि 40 ला साडेबारा.

लांब उतारावर उष्णतेचा प्रश्न येतो. सायकलसह 90 किलो वजन 100 मीटर खाली आणताना सुमारे 88 किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. वेग वाढू द्यायचा नसेल, तर त्यातली बरीचशी पातळ पोलादी डिस्कमध्येच मुरते. एवढ्या ऊर्जेत पाव लिटर पाणी उकळीला येईल. ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवला तर डिस्कला निवायला उसंतच मिळत नाही. त्यापेक्षा थोडा वेळ ठाम दाबून पूर्ण सोडावा. मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो आणि टायरची पकडही वळायला मोकळी राहते. लिव्हर एकाएकी मऊ लागली, हँडलपर्यंत येऊ लागली, तर ब्रेकमधलं तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले असण्याची शक्यता असते. वाफ दाबली जाते, त्यामुळे बोटाचा जोर पॅडपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी उरलेल्या ब्रेकने बाजूला थांबून सगळं थंड होऊ द्यावं, आणि डिस्कला हात लावू नये.