साबणाच्या पाण्यातली ये-जा

पाठ्यपुस्तकातलं मिसेलचं चित्र अनेकांना आठवत असेल: साबणाच्या रेणूंच्या शेपट्या आत, डोकी बाहेर, असा गोल गोळा. मळ त्याच्या पोटात शिरतो, पाण्याबरोबर वाहून जातो, आणि धडा संपतो. चित्रात एक गोष्ट दाखवता येत नाही आणि मला तीच सगळ्यांत मजेची वाटते. त्या गोळ्यातला एकही रेणू तिथे मुक्कामाला नसतो.

शाम्पू किंवा टूथपेस्टच्या वेष्टनावर सोडियम लॉरिल सल्फेट हे नाव सापडेल. त्याच्या रेणूला बारा कार्बनांची शेपटी असते आणि तिचं पाण्याशी जमत नाही. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमपर्यंत ते विरघळवलं तर रेणू सुटेसुटे राहतात. साधारण ८ मिलिमोलची, म्हणजे लिटरला सव्वादोनएक ग्रॅमची, पातळी ओलांडली की जास्तीचे रेणू साठेकांच्या घोळक्यांनी एकत्र येतात. सुट्या रेणूंचं प्रमाण मात्र पुढे फारसं वाढत नाही.

गिरणगावात एकेका खोलीत कोकणातले कितीतरी गिरणी कामगार राहत. पाळी बदलली की माणसं बदलत, खोली रिकामी पडत नसे. मिसेलचं तसंच, फक्त इथली पाळी काही मायक्रोसेकंदांची. पाण्यातला रेणू मिसेलला धडकला की जवळपास विनासायास आत जातो. बाहेर पडणं महाग, कारण शेपटी पुन्हा पाण्यात न्यावी लागते. शेपटी बाराऐवजी चौदा कार्बनांची असेल, तर बाहेर पडण्याचा वेग सुमारे दहापटीने घटतो.

इतक्या झटपट घडणाऱ्या गोष्टी मोजायच्या कशा? द्रावणाचं तापमान एका झटक्यात वाढवायचं आणि घडी पुन्हा कशी बसते ते पाहायचं. ही पद्धत रुळवणाऱ्या मानफ्रेड आयगेन यांना १९६७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. साबणाच्या द्रावणात घडी दोन टप्प्यांत बसते, एक अतिवेगवान आणि एक बराच संथ. त्याचा उलगडा आनियान्सन आणि वॉल यांनी १९७४ मध्ये केला. वेगवान टप्पा म्हणजे एकेका रेणूची ये-जा. संथ टप्प्यात अख्खं मिसेल मोडतं किंवा नव्याने बनतं. मोडताना त्याला अगदी मोजक्या रेणूंच्या, न टिकणाऱ्या अवस्थेतून जावं लागतं. तिथे पोहोचणारे थोडेच, म्हणून वेळ लागतो.

हा संथ टप्पा थेट फेसावर परिणाम करतो. फ्लोरिडा विद्यापीठातले दिनेश शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, की सोडियम लॉरिल सल्फेटची मिसेल सर्वांत टिकाऊ होतात ती २०० मिलिमोलच्या आसपास, म्हणजे लिटरला अठ्ठावन्नएक ग्रॅम. तिथे त्यांचं आयुष्य काही सेकंदांपर्यंत जातं. आणि नेमक्या त्याच ठिकाणी हलवून येणारा फेस सर्वांत कमी! बुडबुड्याचा नवा पृष्ठभाग झाकायला सुटे रेणू लागतात, आणि चिवट मिसेल ते वेळेवर सोडत नाहीत. कापडही तिथे उशिरा भिजतं. तेल सामावून घेण्याचा वेग मात्र याच ठिकाणी सर्वाधिक असतो. म्हणजे फेस बघून साबणाची ताकद ठरवायची आपली सवय इथे पार उलटी पडते.