फोन नंबरातला पहिला शून्य जातो कुठे?
(एक्सेलमधली यादी आमच्याकडे पाठवण्यापूर्वी वाचा)

नवीन सॉफ्टवेअरमध्ये जुनी यादी चढवताना काम अडतं ते बहुतेक वेळा यादीपाशीच. यादी वरून ठाकठीक दिसते, म्हणून चूक फार उशिरा सापडते.

चौकटीत लिहिलेलं आकडा आहे, तारीख आहे की नुसती अक्षरं, हे तुम्ही सांगितलं नाहीत तर एक्सेल स्वतःच अंदाज बांधतं. ००४५७ हा सभासद क्रमांक टाइप करून एंटर दाबा: उरतं ४५७. आकड्याच्या सुरुवातीच्या शून्यांना काही किंमत नसते, मग ते ठेवायचे कशाला, असा त्याचा हिशोब. १६ अंकी क्रमांक टाकला तर शेवटचा अंक शून्य होतो, कारण आकड्याचे पहिले १५ अंकच जपले जातात. १२ अंकी क्रमांक १.२३४५७ई+११ असा दिसला तर मात्र घाबरू नका. तो फक्त दिसण्याचा प्रकार आहे, आत सगळे अंक शाबूत असतात.

ज्याची बेरीज तुम्ही कधीच करणार नाही, त्याला आकडा समजू नका. फोन नंबर, खाते क्रमांक, बिल क्रमांक ही सगळी अक्षरंच.

त्यासाठी रिकामा कॉलम निवडा, होम टॅबवर 'जनरल'च्या जागी 'टेक्स्ट' करा आणि मगच टाइप करायला घ्या. क्रम महत्त्वाचा आहे. नंतर टेक्स्ट केल्याने गेलेला शून्य परत येत नाही. चौकटीच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसेल, तो राहू द्या. 'कन्व्हर्ट टू नंबर' दाबलंत की केलेलं पाण्यात.

तारखांचा घोळ याहून वाईट. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासूनची दिवसांची मोजणी. १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९२. तुम्ही ०३/०४/२०२४ लिहिलंत तर ती ३ एप्रिल की ४ मार्च, हे त्या मशीनच्या सेटिंगवर ठरतं. महिना आधी धरणाऱ्या मशीनवर १२ तारखेपर्यंतच्या नोंदी गुपचूप उलटतात आणि १३ पासूनच्या तारखा अक्षरं म्हणून पडून राहतात. ओळखायची खूण सोपी आहे: तारखा चौकटीत उजवीकडे चिकटतात, अक्षरं डावीकडे. एकाच कॉलममध्ये दोन्ही दिसलं की थांबा. (हा अंदाज इतका चिवट आहे की 'मार्च१'सारखी जनुकांची नावंही तारखा होऊन बसत, शेवटी नावं ठरवणाऱ्या समितीने ती नावंच बदलली. २०२० च्या नियमावलीत तसा उल्लेख आहे.)

सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) डबल-क्लिक करून उघडू नका, हाच अंदाज पुन्हा चालतो. डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाइल ओरिजिनमध्ये '६५००१ यूटीएफ-८' आणि डेटा टाइप डिटेक्शनमध्ये 'डू नॉट डिटेक्ट' निवडा. यूटीएफ-८ म्हणजे मराठीसह सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची पद्धत; ती चुकली तर मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं येतात.

मराठी मजकूर जुन्या फाँटमध्ये असल्याची शंका असेल तर नावाच्या कॉलमला एरियल लावून बघा. मराठी तशीच राहिली तर ती युनिकोड आहे, म्हणजे फाँट बदलला तरी मराठीच राहणारी. इंग्रजी अक्षरं दिसली तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागेल. त्यानंतर रफार आणि जोडाक्षरं असलेली नावं तरी एकदा डोळ्यांखालून घालाच.

आमच्याकडे मूळ एक्सेल फाइलच पाठवा, आणि तिची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवा.