गॅससोबत वर येणारं पाणी

समुद्रतळाखालून नैसर्गिक वायू कधीच एकटा वर येत नाही. खडकातलं खारं पाणी आणि वायूतली वाफ थंड होऊन झालेलं पाणीही त्याच्याबरोबर येतं, आणि त्यात कंडेन्सेट नावाचं हलकं तेल मिसळलेलं असतं. वायू काढणाऱ्या समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर जागा मोजकी, त्यामुळे हे पाणी बहुतेक वेळा तिथेच साफ करून समुद्रात सोडतात.

तेल हलकं, ते आपोआप वर तरंगेल, असं वाटतं. तरंगतंही, पण किती वेळात ते थेंबाच्या आकारावर ठरतं. स्टोक्सच्या नियमानुसार थेंबाचा व्यास दहापट कमी झाला की त्याचा वर चढण्याचा वेग शंभरपट घटतो. कंडेन्सेटचा 100 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब एक मीटर चढायला साधारण 11 मिनिटं घेतो, तर 10 मायक्रॉनच्या थेंबाला जवळपास 19 तास लागतात. विहिरीच्या तोंडाशी दाब उतरवणारा चोक व्हॉल्व्ह नेमकं हेच नुकसान करतो. त्याच्या अरुंद फटीतून मिश्रण जोरात सुटतं आणि थेंबांचा चुरा होतो.

टाकीत इतका वेळ थांबणं परवडत नाही, म्हणून हायड्रोसायक्लोन वापरतात. ही एक निमुळती नळी असते. पाणी कडेने तिरकं आत शिरतं आणि गरगर फिरू लागतं. जड पाणी भिंतीकडे जातं, तेल मधोमध गोळा होऊन उलट दिशेने बाहेर पडतं. आत फिरणारा एकही सुटा भाग नाही. हे तंत्र घडवण्यात इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या मार्टिन थ्यू यांच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे. मात्र साधारण 10 मायक्रॉनहून बारीक थेंब यातूनही निसटतात.

उत्तर समुद्रात ऑस्पार, म्हणजे ईशान्य अटलांटिकच्या संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली मर्यादा आहे लिटरमागे 30 मिलिग्रॅम तेलाची. माझा आक्षेप या आकड्यात काय धरतात यावर आहे. त्यात मोजतात ते मुख्यतः थेंबांच्या रूपातलं तेल. पाण्यात विरघळणारी बेन्झीन, टोल्युइनसारखी हायड्रोकार्बन, म्हणजे तेल-वायूतलीच द्रव्यं, सुटतात: बेन्झीन त्या मोजणीत येतच नाही, टोल्युइन वगळलं जातं. बेन्झीन कर्करोगकारक आहे, आणि लिटरभर पाण्यात ते सुमारे 1.8 ग्रॅमपर्यंत विरघळू शकतं. तेलविहिरींच्या तुलनेत गॅस प्लॅटफॉर्मवर पाणी कमी निघतं, पण त्यात अशी विरघळलेली द्रव्यं दाट असतात. चहात विरघळलेली साखर गाळणीने निघत नाही, तसं इथे हायड्रोसायक्लोनचं काही चालत नाही.

यावरचा उपाय नेदरलँड्समध्ये सापडला. अ‍ॅक्झो नोबेल कंपनीने सच्छिद्र प्लास्टिकचे बारीक मणी तयार केले आणि त्यांच्या छिद्रांत हायड्रोकार्बन शोषून घेणारा द्रव भरला. मण्यांच्या स्तंभातून पाणी सोडलं की बेन्झीन, टोल्युइन त्या द्रवात उतरतात. तासाभराने पाणी दुसऱ्या स्तंभाकडे वळवतात आणि पहिल्यात कमी दाबाची वाफ सोडतात. वाफेबरोबर हायड्रोकार्बन निघून येतात. ती थंड केली की हायड्रोकार्बन पाण्यापासून वेगळे होतात आणि पुन्हा उत्पादनात मिसळता येतात. डच गॅस प्लॅटफॉर्मवर ही पद्धत वापरली गेली आहे. वाफेसाठी ऊर्जा लागते, जागाही लागते, तरी विरघळलेल्या विषाचा माग काढणारी ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

2012 मध्ये ऑस्पारने एक पाऊल पुढे टाकलं. फक्त तेलाचं प्रमाण न पाहता सोडलेल्या पाण्याचा जलचरांना एकूण किती धोका आहे, हे तपासायची शिफारस केली. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे 80 किलोमीटरवर ओएनजीसीचं वसई वायूक्षेत्र आहे. भारतीय नियमात समुद्रातल्या अशा सांडपाण्यासाठी 95 टक्के नमुन्यांत लिटरमागे 40 मिलिग्रॅम तेलाची मर्यादा आहे. त्या आकड्याशेजारी बेन्झीनचाही आकडा नियमितपणे प्रसिद्ध व्हायला हवा.