चौघांच्या टेबलावर रिमूव्हल किती ठेवायचं आणि कुठलं: कमांडर डेक बांधणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

हे माहितीपत्रक मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळातल्या कमांडर प्रकारासाठी आहे. शंभर कार्डांचा डेक, बेसिक लँड सोडून प्रत्येक कार्ड एकेकच, प्रत्येकाला 40 लाइफ आणि टेबलाभोवती बहुतेक वेळा चौघंजण. ग्राहकांचे डेक तपासून देणं हे आमचं रोजचं काम आहे. यादी हातात आली की आम्ही आधी रिमूव्हल, म्हणजे समोरच्यांची कार्डं टेबलावरून काढणारी कार्डं, मोजतो, कारण चुका सगळ्यात जास्त तिथेच सापडतात. कुणी चारच कार्डं घेतलेली असतात, तर कुणी बावीस.

दोघांच्या डावात हिशेब सरळ असतो. माझं एक कार्ड गेलं, समोरच्याचं एक गेलं, फिट्टंफाट. चौघांत तसं होत नाही. मी एक कार्ड आणि माना (लँडमधून मिळणारं, कार्डं खेळायचं चलन) खर्चून डावीकडच्याचा क्रीचर (लढणारं कार्ड) मारला, की आम्ही दोघंही एकेका कार्डाने मागे पडतो. बाकीचे दोघं काहीही न गमावता आमच्या पुढे जातात. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथे तो चौथ्यालाही होतो.

हे मी स्वतः भोगलं आहे. हातात स्वॉर्ड्स टू प्लाउशेअर्स होतं: एक पांढरा माना, क्रीचर एक्झाइल (डावातून बाहेर), आणि त्याच्या मालकाला त्या क्रीचरच्या पॉवरइतकं लाइफ. डावीकडच्याने 4/4 चा (पॉवर, म्हणजे मारायची ताकद, 4 आणि सहनशक्ती 4) एक उडणारा क्रीचर उतरवला आणि पहिला हल्ला माझ्यावर केला. माझं लाइफ 40 वरून 36 झालं. राग आला आणि मी तो क्रीचर तिथल्या तिथे काढला. दोनच टर्ननंतर समोरच्याने कॉन्सिक्रेटेड स्फिंक्स उतरवला. प्रतिस्पर्ध्याने एक कार्ड ओढलं की याच्या मालकाला दोन ओढता येतात. एका फेरीत आम्ही तिघांनी एकेक कार्ड ओढलं, तेवढ्यात त्याच्या हातात सहा जास्तीची कार्डं आली. स्वॉर्ड्स तोवर ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरलेल्या कार्डांच्या ढिगात, पडलं होतं. उरलेला डाव आम्ही तिघं नुसते बसून पाहत होतो.

तेव्हापासून रिमूव्हल वापरण्याआधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे टेबलावर राहिलं तर डाव संपेल का, किंवा माझा डेक चालायचा थांबेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर कार्ड हातातच ठेवायचं. चार-सहा लाइफ गेलं तर जाऊ द्यायचं, चाळीस आहे ते त्यासाठीच. डेक बांधतानाही हाच प्रश्न धरून चाला. आकडा त्यानंतर.

आकड्याबद्दल

कमांडर, म्हणजे डेकचा म्होरक्या असलेलं कार्ड, बाजूला ठेवला की पिसायला 99 कार्डं उरतात. सुरुवातीचा सात कार्डांचा हात आणि पाच टर्नची पाच कार्डं मिळून पाचव्या टर्नपर्यंत तुम्ही 12 कार्डं पाहता. (चौघांच्या डावात पहिला खेळाडूही पहिल्या टर्नला कार्ड ओढतो.) मलिगन (सुरुवातीचा हात बदलून घेणं) आणि जास्तीचं ड्रॉ सोडून दिलं, तर डेकमध्ये 5 रिमूव्हल असताना त्या 12 मध्ये निदान एक दिसण्याची शक्यता सुमारे 48 टक्के येते. 8 असतील तर 66, 10 असतील तर 74 आणि 15 असतील तर 88.

या आकड्यांमधलं अंतर बघा. पाचाची दहा केली तर 26 टक्के पदरात पडतात. दहाची पंधरा करायलाही तेवढीच पाच कार्डं लागतात, पण मिळतात 14. म्हणून आम्ही सुरुवात दहापासून करतो आणि त्यातले दोन किंवा तीन बोर्ड वाइप (एकदम सगळं मैदान साफ करणारी कार्डं) ठेवतो. चार रिमूव्हल ठेवणाऱ्याची गत तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यासारखी होते. आणि बावीस? 37 लँड आणि 22 रिमूव्हल काढले की माना देणारी कार्डं, ड्रॉ आणि जिंकण्याची सामग्री या सगळ्यांना मिळून चाळीसच जागा उरतात. असा डेक टेबलाचा पहारेकरी होतो. सगळ्यांचे डाव मोडतो आणि स्वतःचा मांडायचा राहून जातो.

तुमचा डेक भरपूर कार्डं ओढत असेल, तर आठही पुरतात. कमांडरच रिमूव्हलचं काम करत असेल, तर त्याहून कमी चालतात.

एका कार्डात जितकं जास्त मावेल तितकं

दहाच जागा आहेत, म्हणून फक्त क्रीचर मारणारी दहा कार्डं भरू नका. ही चूक आम्हाला सर्वांत जास्त दिसते. टेबल जिंकून देणाऱ्या कितीतरी गोष्टी आर्टिफॅक्ट (वस्तू) असतात किंवा एन्चांटमेंट (टेबलावर टिकणारी जादू). हिरव्यातलं बीस्ट विदिन आणि पांढऱ्यातलं जेनरस गिफ्ट तीन माना घेतात आणि कुठलंही परमनंट (टेबलावर टिकून राहणारं कार्ड) नष्ट करतात, अगदी लँडसुद्धा. मोबदल्यात मालकाला 3/3 चा टोकन (कार्डाशिवायचा क्रीचर) मिळतो. तो द्यायला बरेच जण कचरतात. आमचं मत विचाराल तर बिनधास्त द्या. 40 लाइफच्या डावात एक 3/3 तुम्हाला हरवणार नाही, तुम्ही जे काढलंत ते मात्र हरवणार होतं.

ही दोन्ही कार्डं इन्स्टंट (कुणाच्याही टर्नला खेळता येणारी) आहेत, हेही महत्त्वाचं. इन्स्टंट हातात असलं की तीन जणांच्या टर्न होईपर्यंत थांबता येतं. कधीकधी तोवर दुसराच कुणीतरी आपलं कार्ड खर्चून तेच काम उरकतो आणि तुमचं वाचतं. चौघांच्या टेबलावर याहून स्वस्त फायदा नाही. सॉर्सरी (फक्त स्वतःच्या टर्नला खेळता येणारं कार्ड) असेल तर तिला थोड्या मानांत मोठं काम करता आलं पाहिजे. लाल रंगातलं व्हँडलब्लास्ट तसं आहे. एका मानात दुसऱ्याचा एक आर्टिफॅक्ट जातो, आणि पाच माना देऊन ओव्हरलोड केलं तर तिघांचेही सगळे आर्टिफॅक्ट जातात, तुमचे राहतात.

रंगांच्या मर्यादा थोडक्यात सांगतो. लाल रंगाला एन्चांटमेंटपुढे हात टेकावे लागतात, केऑस वॉर्पसारखं एखादं कार्डच काय ते. काळ्यात फीड द स्वॉर्म ठेवा, त्याने क्रीचर किंवा एन्चांटमेंट जातं, बदल्यात थोडं लाइफ द्यावं लागतं. पांढऱ्याला फारशी चिंता नाही. समोरच्याचं ग्रेव्हयार्ड रिकामं करायला काळ्या डेकमध्ये बोजुका बॉग घ्याच. तो लँड आहे, त्यामुळे रिमूव्हलच्या दहा जागांपैकी एकही खर्च होत नाही.

कमांडर मारून काय होतं?

पुष्कळदा काहीच नाही. मारलेला किंवा एक्झाइल केलेला कमांडर मालकाला कमांड झोनमध्ये (कमांडरच्या राखीव जागेत) परत ठेवता येतो, आणि तिथून पुन्हा उतरवताना दर वेळी आधीपेक्षा दोन माना जास्त लागतात, एवढंच. भरपूर माना असलेल्या खेळाडूला त्याचं काही वाटत नाही. अशा वेळी कमांडर टेबलावरच ठेवून निकामी करणारी कार्डं कामाला येतात. पांढऱ्यातलं डार्कस्टील म्युटेशन दोन मानांत त्याचा 0/1 किडा करतं, त्याच्या बाकी सगळ्या क्षमता काढून घेतं आणि वर त्याला इंडिस्ट्रक्टिबल (नष्ट न होणारा) करून ठेवतं. मालकाला स्वतःचा कमांडर मारून सोडवून घेणंही अवघड होतं. हिरव्यातलं केनरिथ्स ट्रान्सफॉर्मेशन कमांडरचा 3/3 एल्क करतं आणि तुम्हाला एक कार्डही ओढून देतं. असं एक तरी कार्ड डेकमध्ये असावं.

बोर्ड वाइप: किती आणि कुणासाठी

एका कार्डात तिघांची कार्डं जातात, म्हणजे आधी सांगितलेला तोट्याचा हिशेब इथे उलटतो. त्यातही चौघांच्या टेबलाला अगदी शोभणारं कार्ड म्हणजे ब्लास्फेमस ॲक्ट. कार्डावर छापलेली किंमत नऊ माना बघून नवे खेळाडू ते बाजूला ठेवतात. पण टेबलावरच्या प्रत्येक क्रीचरमागे त्याची किंमत एक मानाने उतरते. चौघांचे दोन-दोन क्रीचर असले की झाले आठ, आणि उरला फक्त एक लाल माना. त्या एका मानात प्रत्येक क्रीचरला 13 डॅमेज. दोघांच्या डावात हेच कार्ड बहुधा हातात अडकून पडलं असतं.

बोर्ड वाइप निवडताना तुमचा स्वतःचा डेक कशाने जिंकतो ते बघा. तुमचाच डेक छोट्या क्रीचरांचा कळप असेल, तर सगळे क्रीचर मारणारं रॅथ ऑफ गॉड तुम्हीच तुमच्यावर उगारता. मग एकतर्फी वाइप शोधा. हिरवा-पांढरा डेक असेल तर रॅथसोबत हिरोइक इंटरव्हेन्शन धरा: दोन मानांत तुमची सगळी परमनंट त्या टर्नपुरती इंडिस्ट्रक्टिबल होतात आणि फक्त समोरच्यांचं मैदान साफ होतं. एक्झाइल करणाऱ्या फेअरवेलपुढे मात्र ही युक्ती चालत नाही.

सायक्लॉनिक रिफ्टबद्दल ग्राहक हमखास विचारतात. सात माना देऊन ओव्हरलोड केलं की लँड सोडून तिघांचं सगळं त्यांच्या हातात परत जातं, तुमचं जिथल्या तिथे राहतं. फेब्रुवारी 2025 मध्ये डेकची ताकद ठरवणारी ब्रॅकेट पद्धत आली, तेव्हा डाव फिरवणाऱ्या कार्डांच्या पहिल्याच ‘गेम चेंजर्स’ यादीत ते होतं. ठेवणार असाल तर डाव सुरू होण्याआधी सोबत्यांना सांगा. आणि ते खेळाल तेव्हा पुढच्या टर्नला जिंकण्याची तयारी असू द्या. मैदान साफ करून जिंकता येत नसेल, तर तोच डाव पहिल्यापासून पुन्हा सुरू होतो. दोन तास बसलेल्या तिघांवर तो अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. तीनहून जास्त बोर्ड वाइप आम्ही सहसा सुचवत नाही, त्याचं मोठं कारण हेच.

डेक तपासायला पाठवताना

यादीसोबत दोन गोष्टी लिहून पाठवा: तुम्ही नेहमी कुणासोबत खेळता त्यांचे कमांडर कुठले, आणि मागचे तीन डाव नेमक्या कुठल्या कार्डामुळे हरलात. ती तीन कार्डं आम्ही तुमच्या रिमूव्हलसमोर मांडतो आणि तुमची कुठली कार्डं त्यांना हात लावू शकतात ते एकेक करून तपासतो. तिन्ही एन्चांटमेंट निघाली आणि तुमची दहाही कार्डं क्रीचरच मारणारी असली, तर आम्ही दहाचा आकडा तोच ठेवतो आणि त्यातली चार बदलून देतो.