आधी पॅनलचा स्टिकर वाचा: गाडीच्या बॅटरीला पीडब्ल्यूएम की एमपीपीटी?

गाडीसाठी घडीचं सोलर पॅनल घेतलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पॅनल आणि बॅटरीच्या मधला, चार्जिंगवर लगाम ठेवणारा कंट्रोलर कुठला घ्यायचा? ऑनलाइन शोधलं तर दोन डबे शेजारी-शेजारी दिसतात. आकार सारखाच, टर्मिनलच्या जोड्या तेवढ्याच, छोटा डिस्प्ले, बऱ्याचदा रंगही तोच निळा. एकावर पीडब्ल्यूएम लिहिलेलं, दुसऱ्यावर एमपीपीटी. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारा नाहीतर सोसायटीतल्या एखाद्या जाणकाराला, उत्तर बहुधा एकच मिळतं: ‘एमपीपीटीच घ्या, तीस टक्के जास्त मिळतं.’ हे तीस टक्के खोटे नाहीत. फक्त ते ठाण्याच्या उन्हातले नाहीत.

कंट्रोलर लागतोच, हे आधी मान्य करू. ‘12 व्होल्ट’चं म्हणून विकलं जाणारं पॅनल खरं तर 18 व्होल्टच्या आसपास चालतं आणि काही न जोडता उन्हात ठेवलं तर 21-22 दाखवतं. गाडीच्या लेड-ॲसिड बॅटरीला चार्ज होताना साधारण 14.4 च्या वर जाऊ द्यायचं नसतं, भरल्यावर 13.6 च्या आसपास धरून ठेवलं की पुरे. पॅनल थेट जोडून दिवसेंदिवस सोडलं तर बॅटरीतलं पाणी आटतं. दोन्ही डबे हे थांबवतात. फरक आहे तो थांबवण्याआधी काय करतात यात.

पीडब्ल्यूएम (पल्स विड्थ मॉड्युलेशन) म्हणजे एक झटपट चालू-बंद होणारा स्विच. बॅटरी उतरलेली असली की तो पॅनल सरळ बॅटरीला जोडून देतो. मग पॅनलचं व्होल्टेज बॅटरीच्या पातळीवर, म्हणजे 13 वर, खाली येतं आणि करंट जेवढा होता तेवढाच राहतो. 100 वॅटच्या पॅनलचा करंट साधारण 5.5 अँपिअर, 13 गुणिले 5.5 म्हणजे 72 वॅटच्या आत. उरलेले वॅट कुठे जळत नाहीत, पॅनल ते देतच नाही.

एमपीपीटी (मॅक्सिमम पॉवर पॉइंट ट्रॅकिंग) पॅनलला त्याच्या सोयीच्या 18 व्होल्टवर चालू देतो आणि ती वीज आत 13 व्होल्टला उतरवतो. गिअर बदलला की वेग कमी होऊन जोर वाढतो, तसं इथे व्होल्टेज कमी होऊन करंट वाढतो. आतला पाच-एक टक्के तोटा सोडला तरी 95 वॅट, म्हणजे बॅटरीकडे 7 अँपिअरहून थोडं जास्त. तीस टक्के आले ते इथून.

पण पॅनलच्या स्टिकरवरचे 100 वॅट आणि 18 व्होल्ट हे आकडे काढलेले असतात पॅनलचं तापमान 25 अंश धरून. एप्रिलमध्ये ऐरोलीत किंवा घोडबंदर रोडला बॉनेटवर पसरलेलं पॅनल 60-65 अंशांपर्यंत सहज तापतं, कारण मागून वारा लागतच नाही. पॅनलमधल्या सिलिकॉनचं व्होल्टेज दर अंशाला 0.35 ते 0.4 टक्क्यांनी घसरतं. म्हणजे 18 चे झाले साधारण साडेपंधरा. आता एमपीपीटीकडे उतरवायला उरलंय किती? हिशोब केला तर 81 वॅट विरुद्ध 72, बारा टक्क्यांच्या आसपास. बॅटरी भरत येऊन 14 वर पोचली की पीडब्ल्यूएमही 77 देतो आणि फरक पाच टक्क्यांवर येतो. हेच पॅनल जानेवारीत स्पितीला नेलंत तर थंडीत त्याचं व्होल्टेज वाढतं आणि जाहिरातीतले तीस टक्के खरे होतात.

म्हणून माझं मत सरळ आहे. वाशी-नेरुळच्या सिडको कॉलनीत उघड्यावर उभी राहणारी, रविवारीच बाहेर निघणारी गाडी असेल, तर 20 वॅटचं पॅनल आणि साधा, चांगल्या बनावटीचा पीडब्ल्यूएम भरपूर झाला. डॅशकॅम, ट्रॅकर, लॉकिंग मिळून 50 मिलिअँपिअर खात असतील तर दिवसाला 1.2 अँपिअर-आवर जातात. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-आवरची असते. दोन-तीन आठवड्यांत ती का बसते, हे यावरून कळेल. तेवढं भरून काढायला उन्हाचे दोन-तीन तास पुरतात. गाडी पोडियमखाली, म्हणजे छताखालच्या पार्किंगमध्ये असेल तर मात्र कुठलाच डबा उपयोगाचा नाही, तिथे घरगुती विजेवरचा, हळूहळू थोडा करंट देत राहणारा ट्रिकल चार्जर बरा.

गणित उलटतं ते पॅनलचं व्होल्टेज वाढल्यावर. काही घडीची पॅनलं 36-40 व्होल्टची येतात. कुणी 100 वॅटची दोन पॅनलं सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडतं: 36 व्होल्ट, करंट तोच 5.5. पीडब्ल्यूएम त्यातूनही 72 वॅटच देणार, म्हणजे दुसरं पॅनल फुकट वाहायचं. त्यात मोकळ्या अवस्थेतलं 44 व्होल्ट त्या कंट्रोलरच्या मर्यादेबाहेर गेलं तर तो कायमचा गेला. इथे एमपीपीटी घ्याच, किंवा पॅनलं पॅरलल (पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह) जोडा. माळशेजला गाडीतच मुक्काम ठोकून फ्रिज चालवणाऱ्यांनीही एमपीपीटीचे पैसे मोजावेत. त्यांना सकाळी, पॅनल गार असतानाचा प्रत्येक वॅट हवा असतो.

आता घोळाची गोष्ट. पाचशे-सहाशे रुपयांच्या डब्यावर ‘एमपीपीटी’ छापलेलं असेल तर तो बहुतेक वेळा पीडब्ल्यूएमच असतो. खऱ्या एमपीपीटीत व्होल्टेज उतरवण्यासाठी तांब्याच्या तारेची जाड कॉइल असते आणि उष्णता बाहेर टाकायला ॲल्युमिनियमचा हीट सिंक असतो, त्यामुळे तो हाताला जड लागतो. तरी खात्री मल्टिमीटरनेच करायची. बॅटरी थोडी उतरलेली हवी, ऊन चांगलं हवं. चार्जिंग चालू असताना आधी बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा, मग पॅनलच्या. एकीकडे 13.1 आणि दुसरीकडे 13.4 आलं तर डब्यावर काहीही छापलेलं असो, आत स्विच आहे. पॅनलच्या बाजूला 15-17 दिसलं आणि बॅटरीकडचा करंट पॅनलकडच्यापेक्षा जास्त निघाला, तर माल खरा. भरलेल्या बॅटरीवर ही चाचणी फसते, तेव्हा दोघेही पॅनल मोकळं सोडत असतात.

स्वस्त पीडब्ल्यूएममध्ये आणखी एक खोच असते, आणि ती घरच्या इन्व्हर्टरपेक्षा गाडीत जास्त नडते. त्यातल्या बऱ्याच डब्यांत पॅनल आणि बॅटरीची पॉझिटिव्ह आतून एकच असते आणि स्विच निगेटिव्हच्या बाजूला असतो. गाडीची सगळी बॉडी म्हणजे निगेटिव्ह. पॅनलची निगेटिव्ह वायर कुठे सोलून बॉडीला टेकली, की कंट्रोलर बाजूला पडतो आणि पॅनल थेट बॅटरीवर. काहीही जोडण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून दोन्ही पॉझिटिव्ह टर्मिनलना लावा. बीप वाजला तर हा प्रकार आहे. गाडीसाठी निगेटिव्ह सामाईक असलेलाच घ्या.

जोडणी दोघांचीही सारखीच. आधी बॅटरी, मग पॅनल, काढताना उलट. काही डबे 12 की 24 हे बॅटरी बघून ठरवतात, पॅनल आधी लावलं तर गोंधळतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ, वीतभर अंतरात, फ्यूज. बॅटरीच्या निगेटिव्हवर सेन्सरचा छोटा ठोकळा असेल तर तुमची निगेटिव्ह थेट टर्मिनलला न लावता बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावा, म्हणजे सोलरचा करंट गाडीच्या हिशोबात येतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर विसंबू नका. अनेक गाड्यांत चावी काढली की तो बंद होतो.

आणि घडीच्या पॅनलच्या पाठीवर कंपनीनेच कंट्रोलर चिकटवून दिला असेल, तर शक्यतो तो काढून बॅटरीजवळ आणा. पाच मीटरच्या दीड स्क्वेअर एमएम वायरमध्ये जाऊन-येऊन 6 अँपिअरला पाऊण व्होल्टच्या आसपास पडतो. कंट्रोलर पॅनलपाशी असला तर त्याला 14.4 दिसतं, बॅटरीला 13.7 मिळतं, आणि ती भरली समजून तो हात आखडता घेतो. लांब वायर पॅनलच्या बाजूला ठेवा, तीही 4 स्क्वेअरची.