तारप्याचा फोटो आणि तारप्याचा खेळ

ठाण्याजवळच्या येऊरच्या पाड्यावर तालमीला गेलो तेव्हा माझ्या पिशवीत कॅमेराही होता आणि नाटकाची वहीही. या कामासाठी केलेल्या अर्जात फोटो काढणं आणि नाटक बसवणं ही दोन्ही कामं मी एकाच ओळीत उरकली होती: 'वारली संस्कृतीचं जतन'. लिहायला सोपं. पण ही दोन कामं सख्खी भावंडं नव्हेत, फार तर शेजारी.

आधी तारपा, वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणाने बुजवलेले. वादक फुंक तुटू देत नाही. गालातली हवा सोडता सोडताच नाकाने श्वास घेतो. मधे तो आणि भोवती कमरेत हात गुंफून नाचणाऱ्यांची साखळी. त्याने चाल बदलली की पावलं बदलायची. तारप्याला पाठ मात्र दाखवायची नाही.

यातलं फोटोत बरंच येतं. लुगडं कसं नेसलंय, ते गुडघ्यापर्यंत आहे की खाली, कर्णा किती लांब आहे. नाटकवाले या बाबतीत बेफिकीर. आमच्या कपडेपटाने लुगडी टाचेपर्यंत आणली होती. पाड्यावरच्या एका घरातला जुना फोटो बघून ती वर गेली. पण चाल बदलली की कुठला पाय आधी पडतो, हे शंभर फोटो लावले तरी कळत नाही. व्हिडिओत कळतं म्हणा, पण डोळ्याला कळणं वेगळं आणि पायाला येणं वेगळं.

ते पायाला आणून देतं नाटक, कारण त्याला माणूस लागतो. कॉलेजला जाणारी पोरगी महिनाभर तालमीला आली तर नाच तिच्यात उतरतो. फोटोसाठी ती एकदा उभी राहिली तरी भागतं.

मात्र नाटकही मोबदला घेतं. आपली ठाण्यातली नाट्यगृहं, गडकरी रंगायतन घ्या किंवा घाणेकर, एका बाजूने बघायची. तिथे गोल बसत नाही. मी वर्तुळ उघडून अर्धचंद्र केला, तारपावाल्याला मागे विंगेजवळ उभं केलं. कोपऱ्यात बसलेल्या आजी उठल्या, पोरीचा खांदा धरून तिला फिरवलं आणि मला म्हणाल्या, "त्याला पाठ नको दावू, बाबा." चूक तिची नव्हती, मीच तिला प्रेक्षकांकडे तोंड करायला सांगितलं होतं.

बोहाड्याची गोष्ट आणखी निराळी, कारण तो मुळातच नाट्य आहे. जव्हार-मोखाड्याकडे रात्री संबळाच्या ठेक्यावर मुखवटे घालून देवादिकांची सोंगं निघतात, गावातली वाट हाच रंगमंच. त्याचा पंधरा मिनिटांचा रंगमंचीय अवतार म्हणजे वेचा. आणि फोटोत उरतो नुसता मुखवटा. त्याखालची चाल गेली की तो संग्रहालयातल्या कपाटातला वाटायला लागतो.

फोटोचं खरं दुखणं त्याखालच्या ओळीत असतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यात जव्हार आणि मोखाडाही गेले. त्याआधीच्या फोटोखाली 'बोहाडा, ठाणे जिल्हा' एवढंच असेल तर आज शोधणारा शहापूर-मुरबाडला भटकत बसेल. नाव तर बहुतेकदा नसतंच; 'वारली महिला' लिहिलं की झालं. ही खोड जुनी आहे. इंग्रजांनी १८६८ ते १८७५ दरम्यान आठ खंडांत हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो छापले, ते माणसं ओळखण्यासाठी नव्हे, नमुने लावण्यासाठी. खेळात असं होणं कठीण. नाचणारी समोर असते, चुकीचं नाव घेतलं तर तिथल्या तिथे सांगते.

मालकीचंही तसंच, आणि इथे बहुतेक जण गोंधळतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता तो काढणारा. फोटोतल्या आजी नव्हेत. सादर करणाऱ्याला मात्र स्वतंत्र हक्क आहे, साधारण ५० वर्षांचा, आणि त्या व्याख्येत गायक, नर्तकांसोबत चक्क गारुडीही आहे. म्हणजे त्याच संध्याकाळी, त्याच अंगणात माझ्या कॅमेऱ्यातली आजी माझी आणि नाचणारी आजी स्वतःची. माझ्या अर्जात या फरकाला रकाना नव्हता. मी मागच्या कोऱ्या बाजूला नाचणाऱ्यांची नावं, पाडा, तारीख लिहिली आणि फोटोंच्या प्रती कोणत्या घरात राहतील तेही.

नाट्यगृहाची तारीख सोडली. आता खेळ पाड्याच्या अंगणातच होईल, लोक चहूबाजूंनी बसतील, तारपावाला मधे. फोटो काढणाऱ्याची जागा आजींनीच दाखवली: वर्तुळाच्या आत, तारपावाल्याच्या पाठीशी. तिथून सगळ्यांचे चेहरे दिसतात.